मराठी मुलखातला साधा नाताळ

मराठी ख्रिस्ती समाजाचा नाताळ मुळात साधाच होता. कृत्रिम झाड, लाल टोपीचा सांता, चकचकीत कागदात बांधलेल्या भेटवस्तू आणि दुकानातला केक हा आजचा थाट महाराष्ट्राच्या खेड्यांत फार उशिरा पोचला. त्याआधी कित्येक पिढ्या हा सण सारवलेले अंगण, घरी तळलेल्या करंज्या, भजन आणि मंडळीचे एकत्र जेवण एवढ्यावर पार पडत असे. भोर तालुक्यातील कामथडी, नसरापूर, कापूरहोळ हा पुणे–सातारा रस्त्यालगतचा पट्टाही या इतिहासाला जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच पट्ट्यात, तेव्हाच्या भोर संस्थानच्या मुलखात, एका परदेशी मिशनने आपले ठाणे घातले. नाताळ आवरता घ्यावा, त्याचा खर्च कमी करावा, असे आज अनेक मंडळ्यांत बोलले जाते. जुना नाताळ कसा होता आणि तो तसा का होता, हे पाहिल्याशिवाय या बोलण्याचा नीट विचार होत नाही.

पहिले कारण धर्मसंप्रदायाचे आहे, आणि ते आज जवळजवळ विसरले गेले आहे. मराठी मुलखात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या पहिल्या दोन प्रमुख मिशनांच्या मायदेशी नाताळ हा सणच मानला जात नव्हता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड 1810 साली न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथीयांनी स्थापन केले होते. या पंथाचे पूर्वज प्युरिटन. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही, म्हणून 25 डिसेंबर पाळण्यास आधार नाही, असे प्युरिटनांचे म्हणणे होते. शिवाय त्या दिवशी चालणारे मद्यपान, जुगार आणि धांगडधिंगा त्यांना धर्माचा अपमान वाटे. 1647 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ बंद केला. 1659 साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला, आणि तो कायदा 1681 पर्यंत टिकला. कायदा गेला तरी वळण राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची अधिकृत सुटी सुरू झाली ती 1856 मध्ये, म्हणजे याच बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात ठाणे घातल्यावर पंचवीस वर्षांनी.

स्कॉटिश मिशनची गोष्टही अशीच. 1823 पासून स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोट परिसरात काम करू लागले. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले, आणि पुढे पुण्यातही या मिशनच्या शाळा निघाल्या. त्यांच्या स्कॉटलंडात प्रेस्बिटेरियन चर्चच्या प्रभावामुळे नाताळचा दिवस कामाचाच असे. तेथे तो सार्वजनिक सुटीचा दिवस झाला 1958 मध्ये. रविवार कडकपणे पाळावा, दर रविवारी उपासना करावी, वर्षातला एखादाच दिवस इतरांहून पवित्र मानू नये, ही या दोन्ही पंथांची शिकवण होती. म्हणून अहमदनगर आणि पुण्याच्या पहिल्या मराठी मंडळ्यांना नाताळचा थाट शिकवण्याइतकी त्याची ओढच त्यांच्या गुरूंना नव्हती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नाताळाला वर्षाच्या चक्रात ठरलेली जागा आली ती अँग्लिकन मिशनांमुळे. आगमनकाळ, नाताळ, प्रकटीकरण, चाळीस दिवसांचा उपवासकाळ असे त्यांचे पंचांग होते. 1870 च्या दशकात अहमदनगर भागात अँग्लिकनांचे काम वाढल्यावर एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गावात, नाताळ मानणारे आणि त्याबद्दल उदासीन असलेले असे दोन प्रवाह शेजारी राहू लागले.

कॅथलिक परंपरा याहून जुनी. वसई, साष्टी, चौल आणि गोवा येथे पोर्तुगीज काळापासून मध्यरात्रीची मिस्सा आणि गव्हाणीचा देखावा होता. इटलीत ग्रेच्चो येथे 1223 साली संत फ्रान्सिस यांनी मांडलेल्या देखाव्यापासून या प्रथेचा प्रसार झाला असे मानतात. पुण्यात पेशव्यांच्या सैन्यातल्या गोवेकर शिपायांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि 1792 साली आजच्या नाना पेठेतले सिटी चर्च उभे राहिले. कॅथलिक नाताळालाही साधेपणाचा एक पाया होता. सणाआधीचे चार आठवडे आत्मपरीक्षणाचे आणि संयमाचे असत, म्हणजे गोडधोड मुख्य दिवसापर्यंत राखून ठेवले जाई.

खर्चिक नाताळचा नमुना मराठी माणसाने पाहिला तो चर्चमध्ये नव्हे, लष्करी छावणीत. खडकी आणि पुणे कॅम्पातला साहेबांचा ‘बडा दिन’ हा मेजवान्या, दारू, नाच आणि नजराण्यांचा दिवस होता. त्या दिवशी हाताखालचे नोकर, ठेकेदार आणि दुकानदार साहेबाकडे फळे, मिठाई, सुकामेवा भरलेल्या डाल्या पाठवत. बाटल्या आणि किमती वस्तूही त्यांत जाऊ लागल्या, तेव्हा सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत भेटी घेण्यास मनाई आली आणि सवलत राहिली ती फळाफुलांसारख्या किरकोळ वस्तूंपुरती. सजवलेले झाड तर खुद्द इंग्लंडातच नवे होते. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र 1848 साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले आणि मग ती रीत घरोघर गेली. पहिले छापील नाताळ कार्डही 1843 चे. जी चाल आज पुरातन वाटते, ती मराठी मंडळ्यांपेक्षा फारशी जुनी नाही.

सणासमारंभाच्या खर्चाचा प्रश्न त्या काळी एकट्या ख्रिस्ती समाजापुढे नव्हता. 12 मे 1875 रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. कुणबी लग्नांत आणि सणांत उधळपट्टी करतो, म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र हे म्हणणे तपासून वेगळा निष्कर्ष काढला. लग्नाचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने जास्त असला तरी असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब धरला तर ही रक्कम अवाजवी नाही, या कारणाला नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने नोंदवले. रोख साऱ्याचा बोजा, चक्रवाढ व्याज आणि अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव ही खरी दुखणी होती. हा निष्कर्ष आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गरिबाच्या सणाकडे बोट दाखवून त्याच्या गरिबीचे खापर त्याच्याच माथी मारणे सोपे असते. साधेपणाची शिकवण खरी ठरते ती ज्याच्यापाशी आहे त्याने आधी हात आखडला तरच.

तरीही समारंभातला दिखाऊ खर्च आणि मध्यस्थांची दक्षिणा नाकारण्याची मोठी चळवळ याच काळात, याच पुण्यात उभी राहिली. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. पुरोहित नाही, हुंडा नाही, वाजतगाजत मिरवणूक नाही. तारीख नाताळची असली तरी त्या विवाहाचा या सणाशी संबंध नव्हता. पण समारंभाचे सार ठेवून खर्चाचा फाफटपसारा काढून टाकता येतो, हे मराठी समाजाला त्या विवाहाने दाखवले. पुढे गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून ऋण काढून सण करू नका हेच गावोगाव सांगितले. मराठी मंडळ्यांचा साधा नाताळ या मोठ्या परंपरेच्या शेजारी वाढला.

दुसरे कारण गरिबीचे. अहमदनगर, औरंगाबाद, जालना आणि पुणे जिल्ह्यांतील ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबे बहुतांशी महार आणि मांग समाजातून आलेली होती. धर्मांतरामुळे काही ठिकाणी गावकीच्या हक्कांवर गदा आली, आणि शेतजमीन थोड्यांकडेच होती. 1876–78 चा, 1896–97 चा आणि 1899–1900 चा असे तीन भीषण दुष्काळ एका पिढीने पाहिले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणि विधवांना आधार देत केडगावला मुक्ती मिशन उभारले, आणि 1900 च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या पोटांना रोजची भाकरी पुरवणे हीच तेथे मोठी गोष्ट होती.

मिशनच्या वसतिगृहांतून आणि अनाथालयांतून मात्र नाताळला एक वेगळे वळण लागले. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या रविवारच्या शाळांमधली मुले आणि महिला मंडळे भारतातल्या मिशनांसाठी पेट्या भरून पाठवत. त्यांत बाहुल्या, रंगीत चित्रे, वापरलेली नाताळ कार्डे, शिवलेले कपडे, सुईदोऱ्याच्या पिशव्या असत. नाताळच्या दिवशी मुलांना त्यांतले काहीतरी, जोडीला मूठभर मिठाई आणि नवा सदरा किंवा परकर मिळे. देणाऱ्यांची माया खरी होती आणि मुलांचा आनंदही खरा होता. पण त्यातून नाताळ म्हणजे मिशनकडून काहीतरी मिळण्याचा दिवस, अशी समजूतही रुजली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मदत आटत गेली तेव्हा ही समजूत मंडळ्यांना जड गेली. सण स्वतःच्या वर्गणीतून करायचा म्हटल्यावर त्याचा आकारही ऐपतीप्रमाणे बेतावा लागला.

तिसरे कारण या सर्वांत मोलाचे आहे, कारण त्याने साध्या नाताळाला उणेपणाऐवजी स्वतःचे रूप दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलेसे केले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी पूर्वरंग, उत्तररंग, झांज, मृदंग आणि वीणा घेऊन येशूची कथा सांगितली. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अभंग, ओवी, पदे या मराठी छंदांत त्यांनी इतकी भक्तिगीते रचली की ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांचा ठसा सर्वांत गडद आहे. कीर्तनाला ऑर्गन लागत नाही, रंगमंच लागत नाही, भाड्याची खुर्चीही लागत नाही. सतरंजी अंथरली, पेटी-तबला आणि चार टाळ आणले की रात्रभर जन्मोत्सव होतो. रामनवमी आणि गोकुळाष्टमीला जन्माचे कीर्तन ऐकलेल्या गावाला हा उत्सव परका वाटत नसे. शेजारपाजारचे हिंदू आणि मुसलमानही येऊन बसत.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यांचा प्रभाव ज्या इंग्रज मिशनऱ्यावर पडला, त्या जॅक विन्स्लो यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुढे पुण्याच्या शिवाजीनगरात या संघाचा आश्रम झाला. खादी, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण आणि उपासना ही तेथली रीत होती. पंक्तीत जातीचा किंवा वर्णाचा भेद नव्हता. गरिबांनी परिस्थितीमुळे पाळलेला साधेपणा येथे सुशिक्षितांनी आणि युरोपियनांनी निवडून स्वीकारला, हे या आश्रमाचे महत्त्व.

भोर–नसरापूरचा भाग या चित्रात थोडा वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी 1893 साली ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ सुरू केले. नावातच खेडे होते आणि कामही खेड्यांचे होते. नसरापूर, भोर, लोणंद, पंढरपूर अशी त्याची ठाणी. कोणत्याही एका पंथाशी न बांधलेले, प्रार्थनेवर आणि स्वेच्छेने आलेल्या देणग्यांवर चालणारे हे मिशन होते. अहमदनगरसारखी मोठी मंडळी या भागात उभी राहिली नाही. पंतसचिवांचे हे संस्थान, राजगड–तोरण्याचा मुलूख, मावळातली भाऊबंदकीने घट्ट बांधलेली गावे. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली राहिली. 8 मार्च 1948 रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यांत भोरही होते. मिशन 1968 साली दुसऱ्या एका मिशनमध्ये मिसळून ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन फेलोशिप’ या नव्या संस्थेचा भाग बनले.

मावळातला डिसेंबरही हात सैल सोडू देत नाही. पश्चिमेकडे भोर–वेल्ह्यात मुख्य पीक भाताचे. दिवाळीच्या मागेपुढे कापणी आणि झोडणी होते. त्या भाताच्या पैशातून मजुरी, दुकानदाराची उधारी आणि दिवाळीचा खर्च वळता झाला की डिसेंबरच्या अखेरीस घरात धान्य असते, पण रोकड नसते. पूर्वेकडच्या गावांत रब्बीची ज्वारी अजून शेतात उभी असते. म्हणून या भागातल्या सणाचे गणित पैशापेक्षा धान्यावर बसते. नव्या तांदळाचा भात, घरच्या गुळाचे लाडू, कोणाच्या परसातला भोपळा, कोणाच्या गोठ्यातले दूध, आणि श्रम सगळ्यांचे.

अशा नाताळची रीत पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत साधारण सारखी आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला मंडळीचे पंच आणि पाळक बसून वर्गणी ठरवतात. ऐपत असेल त्याने जास्त द्यावे, नसेल त्याने तांदूळ, डाळ किंवा सरपण द्यावे. घरे चुन्याने रंगतात, अंगणे सारवली जातात, दारात रांगोळी येते. दिवाळीत आकाशकंदील करणारी मुले त्याच कामट्या आणि पतंगी कागद घेऊन पाच कोनांचा तारा करतात. फराळही दिवाळीचाच: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, रव्याचे लाडू. तळणीला बायका पाळीने एकमेकींच्या घरी जातात. 24 तारखेच्या रात्री तरुण मंडळी टाळ-ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि प्रत्येक घरी चहा किंवा फराळ मिळतो. 25 ला सकाळी उपासना, शब्बाथ शाळेच्या मुलांचे संवाद आणि गाणी, मग प्रीतिभोजन. नाटुकल्यातल्या मेंढपाळाला घरातली घोंगडी पुरते आणि मागी लोकांना आईचे शालू पुरतात. शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे जातात, जशी त्यांच्याकडून दिवाळीत आलेली असतात.

या रीतीत पैशाचा मोठा भाग जातो तो दोनच ठिकाणी: प्रीतिभोजनावर आणि नव्या कपड्यांवर. जेवणाचा खर्च वाटून घेतला जातो. कपड्यांचा मात्र घराघरावर पडतो, आणि तोच गरीब आईबापांना बोचतो. मुलाला सणाला नवा कपडा न देणे ही महाराष्ट्रात कोणत्याही धर्माच्या घरात सोपी गोष्ट नाही. म्हणून ज्या मंडळ्या साधेपणाचा विचार गंभीरपणे करतात, त्यांनी कपड्यापासून सुरुवात न करता मंडप, रोषणाई आणि फलक यांपासून करावी, हे उचित.

नोव्हेंबर 1970 मध्ये नागपूर येथे उत्तर भारत मंडळी स्थापन झाली आणि काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन इत्यादी परंपरा तिच्यात एकत्र आल्या. त्यानंतर नाताळबद्दलचा जुना पंथभेद उरला नाही. 1972 च्या दुष्काळाने आणखी काही वर्षे हात आखडतेच ठेवले. पण 1991 नंतर बाजार मोकळा झाला, दूरचित्रवाणी घरोघर पोचली, आणि पुण्या–मुंबईत नोकरीला गेलेली मुले सुटीला येताना शहरातला नाताळ बरोबर आणू लागली. प्लास्टिकचे तारे, दिव्यांच्या माळा, दुकानातला केक, ध्वनिवर्धकांच्या भिंती, नेत्यांचे फोटो असलेले फलक एकामागून एक आले. इतर सार्वजनिक उत्सवांतही तीच चढाओढ चालू होती. या चढाओढीत सर्वांत आधी मागे पडले ते कीर्तन, आणि हे नुकसान खर्चापेक्षा मोठे आहे.

मग 2020 आले. महामारीत महाराष्ट्र शासनाने गुढीपाडव्यापासून गणेशोत्सवापर्यंत सगळ्याच सणांसाठी साधेपणाचे आवाहन केले होते. डिसेंबरात नाताळसाठीही परिपत्रक निघाले. चर्चमध्ये एका वेळी 50 पेक्षा जास्त लोक नकोत, मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी सातच्या सुमारास उरकावी, साठ वर्षांवरील वृद्धांनी आणि दहा वर्षांखालील मुलांनी घरीच थांबावे, मिरवणुका आणि आतषबाजी नको. महानगरपालिका क्षेत्रांत रात्री अकरापासून संचारबंदीही होती. खर्च खाली आला, पण त्याबरोबर फेरी आणि पंगतही गेली. नाताळ एकट्या घरात, मोबाइलच्या पडद्यासमोर झाला. 2021 मध्येही शासनाने साधेपणाचेच आवाहन केले, फक्त मर्यादा थोड्या सैल झाल्या.

त्या दोन वर्षांनी एक भेद स्पष्ट केला. मंडप, फलक, दिवे आणि ध्वनिवर्धक नव्हते, तर त्यांची आठवण फार कोणी काढली नाही. पंक्तीत बसून जेवणे, वृद्धांना भेटणे आणि घरोघरची गाणी नव्हती, तेव्हा सण झालाच नाही असे लोक म्हणाले. कमी खर्चाचा नाताळ आणि कमी माणसांचा नाताळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मराठी मंडळ्यांनी खर्च कमी ठेवला तो माणसे वाढवून: वर्गणी वाटून, तळण वाटून, काम वाटून. काटकसरीची कोणतीही नवी योजना याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

या काटकसरीचा खरा तपशील आजही मंडळ्यांच्या जुन्या वर्गणी-वह्यांत, प्रीतिभोजनाच्या हिशेबांत आणि पाळकांच्या रोजनिशांत सापडू शकतो. कोणत्या साली किती तांदूळ जमला, तेल कोणी दिले, कोणाची वर्गणी माफ झाली, अशा नोंदी असलेली वही रद्दीत गेली की गावाच्या इतिहासाचे एक पान जाते. नसरापूर, भोर आणि परिसरातल्या ज्या ज्या घरी किंवा प्रार्थनामंदिरात अशा वह्या असतील, त्यांनी त्या कोरड्या जागी जपून ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.